पीएचपीमधून लिब्रेऑफिस चालवायचंय, टर्मिनलवर होतं पण ब्राउझरमधून काहीच होत नाही

मिरजकर_डेव्ह

नमस्कार मंडळी. एका पतसंस्थेसाठी छोटं वेब ॲप करतोय. थकबाकीच्या नोटिसा, सभेची इतिवृत्तं, ठराव हे सगळं तिथले लोक वर्डमध्ये मराठीत टाइप करतात, ती फाइल अपलोड केली की पीडीएफ होऊन परत मिळावी एवढीच त्यांची मागणी आहे. सर्व्हर उबंटू २२.०४, अपाची, पीएचपी ८.१ अपाचीच्या मॉड्यूलमधून. टर्मिनलवर सॉफिसला (लिब्रेऑफिसची कमांड) हेडलेस (म्हणजे खिडकी न उघडता) आणि कन्व्हर्ट-टू पीडीएफ दिलं की दोनतीन सेकंदांत फाइल तयार होते. तीच कमांड जशीच्या तशी पीएचपीच्या एक्झेकमध्ये (बाहेरची कमांड चालवणारं फंक्शन) टाकून ब्राउझरमधून पेज उघडलं की पान कोरं, पीडीएफ नाही, एरर नाही, आउटपुटचा ॲरे पण रिकामा.

नेटवर शोधलं तर कोणी म्हणतं फोल्डरला ७७७ परमिशन (म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं) द्या, कोणी म्हणतं सुडोअर्समध्ये (ॲडमिनचे अधिकार कोणाला ते ठरवणारी फाइल) डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला, म्हणजे वेब सर्व्हरच्या यूजरला, पासवर्डशिवाय सगळं चालवायची मुभा द्या. सभासदांचा डेटा त्याच मशीनवर आहे त्यामुळे असलं काही करायला मन धजत नाही. नेमकं कुठे अडतंय ते शोधायचं कसं, आणि हे करायची बरी पद्धत कोणती?

---

टर्मिनलताई

७७७ आणि सुडो दोन्ही करू नका, तुमचं मन बरोबर सांगतंय.

टर्मिनलवर कमांड तुम्ही चालवता, ब्राउझरमधून ती डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा नावाचा यूजर चालवतो, सगळा घोळ इथून सुरू होतो. त्याचा पाथ वेगळा, होम डिरेक्टरी वेगळी, भाषेचं सेटिंग वेगळं, आणि तुमच्या बॅश-आरसीमधलं त्याला काहीही दिसत नाही. त्यामुळे "माझ्याकडे चालतं" याला इथे काही अर्थ नाही, त्याच्याकडे चालतं का ते बघायचं.

आधी एरर डोळ्यांना दिसू दे. एक्झेक फक्त स्टँडर्ड आउटपुट पकडतं, एरर दुसऱ्या वाटेनं जातो, म्हणून कमांडच्या शेवटी 2>&1 लावा म्हणजे दोन्ही एकत्र ॲरेत येतील. आणि एक्झेकला तिसरा पॅरामीटर द्या, त्यात एक्झिट कोड मिळतो, तो बहुतेक जण घेतच नाहीत आणि मग अंधारात चाचपडत बसतात. १२७ आला तर प्रोग्रॅम सापडलाच नाही म्हणजे पाथचा प्रश्न, पूर्ण पाथ लिहा. १२६ म्हणजे सापडला पण चालवायची परवानगी नाही. १३७ म्हणजे कोणीतरी ठार मारला, छोट्या व्हीपीएसवर (भाड्यानं घेतलेला आभासी सर्व्हर) बहुतेक वेळा मेमरी संपली म्हणून कर्नलनंच. मॉड्यूल वापरताय म्हणजे अपाचीचा एरर लॉग पण उघडून बघा, 2>&1 नसेल तर बाहेरच्या प्रोग्रॅमची बडबड सहसा तिथे जाऊन पडलेली असते.

दुसरं म्हणजे ब्राउझर बाजूला ठेवून टर्मिनलवरच त्या यूजरच्या नावानं चालवून बघा, सुडो हायफन यू, मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, मग ईएनव्ही हायफन आय आणि पुढे तुमची कमांड. ईएनव्ही हायफन आय सगळे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पुसून टाकतं, त्यामुळे सर्व्हरच्या आतली परिस्थिती बऱ्यापैकी हुबेहूब उभी राहते. पुढेमागे एफपीएमवर (पीएचपी अपाचीच्या बाहेर वेगळं चालवायची पद्धत) जाणार असाल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण एफपीएमच्या पूल कॉन्फिगमध्ये क्लिअर-ईएनव्ही मुळातच चालू असतं.

आणि लिब्रेऑफिस ॲप्टनं टाकलंय की स्नॅपनं (उबंटूवर सॉफ्टवेअर टाकायचे दोन मार्ग) ते सांगा. स्नॅप असेल तर होम डिरेक्टरी स्लॅश होमच्या बाहेर असलेल्या यूजरला ते मुळातच नीट चालत नाही.

---

मिरजकर_डेव्ह

ताई खूप आभार. ॲप्टनंच टाकलंय. एक्झिट कोड ७७ आला, आणि 2>&1 लावल्यावर मेसेज असा की यूजर इन्स्टॉलेशन पूर्ण करता आलं नाही, शिवाय डीकॉन्फची एक ओळ की व्हार स्लॅश डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूच्या आत कॅश फोल्डर बनवायला परवानगी नाही.

---

टर्मिनलताई

मग सापडलं. लिब्रेऑफिस पहिल्यांदा चालतं तेव्हा चालवणाऱ्याच्या होममध्ये स्वतःचं प्रोफाइल फोल्डर तयार करतं. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाचं होम म्हणजे व्हार स्लॅश डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आणि ते असतं रूटच्या मालकीचं, आणि तसंच असायला हवं, ते बदलू नका. त्याऐवजी लिब्रेऑफिसलाच सांगा की प्रोफाइल दुसरीकडे ठेव. त्यासाठी हायफन ईएनव्ही कोलन यूजरइन्स्टॉलेशन असा ऑप्शन आहे, त्याला फाइल कोलन आणि तीन स्लॅशनं सुरू होणारा पत्ता द्यायचा, नुसता पाथ दिला तर तो घेत नाही. व्हार स्लॅश लिबच्या आत तुमच्या ॲपच्या नावाचा एक फोल्डर करा, मालकी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाची, परमिशन ७००, बास.

टेम्पमध्ये ठेवू नका. उबंटूवर अपाचीच्या सिस्टिमडी युनिटमध्ये (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणारी फाइल) प्रायव्हेट-टेम्प चालू असतं, म्हणजे अपाचीला दिसणारं स्लॅश टेम्प वेगळं आणि तुम्हाला टर्मिनलवर दिसणारं वेगळं. स्क्रिप्ट म्हणते फाइल लिहिली, तुम्ही जाऊन बघता तर तिथे काहीच नाही, आणि अपाची रीस्टार्ट केला की आतलं सगळं पुसलं जातं. लोकांच्या रात्रीच्या रात्री यात जातात.

---

मिरजकर_डेव्ह

झालं! पीडीएफ आली. पण आता नवीनच प्रकार. इंग्रजी नावाची फाइल असेल तर ठीक, पण तिथले लोक फाइलला "थकबाकी नोटीस" असं मराठीतच नाव देतात, तेव्हा सॉफिस म्हणतं सोर्स फाइल लोड करता येत नाही. कमांड लॉगमध्ये छापून बघितली तर नावातली सगळी मराठी अक्षरं गायब, फक्त मधली स्पेस आणि डॉटच्या पुढचं एक्स्टेन्शन उरलंय. नाव एस्केपशेलआर्गमधून (नाव कमांडमध्ये सुरक्षित बसवणारं पीएचपीचं फंक्शन) काढतोय, ते तर करायलाच पाहिजे ना?

---

जुना_गडी

एस्केपशेलआर्ग बरोबरच आहे पण ते लोकेल (भाषा आणि अक्षरांचं सेटिंग) बघून काम करतं. अपाचीच्या ईएनव्हीव्हार्स फाइलमध्ये लँग इज इक्वल टू सी अशी ओळ असते, त्या सी लोकेलमध्ये आस्कीच्या बाहेरचा बाइट म्हणजे त्याच्या लेखी अक्षरच नाही, तो मुकाट्यानं गाळून टाकतो, वॉर्निंगसुद्धा देत नाही. बेसनेम आणि पाथइन्फो या फंक्शनांनाही लोकेलचं भान लागतं, तिथेही मराठी नावांची अशीच वाट लागू शकते. स्क्रिप्टच्या सुरुवातीला सेटलोकेलनं एलसी-सीटाइप हे सी डॉट यूटीएफ-८ केलं की अक्षरं परत येतील.

पण मिरजकर, मी म्हणेन हा उपाय करून थांबू नका, कारण मूळ चूक वेगळीच आहे. यूजरनं दिलेलं नाव कमांडमध्ये जायलाच नको. अपलोड आली की तिला स्वतः नाव द्या, रँडम-बाइट्सचे १६ बाइट घेऊन हेक्समध्ये काढले की ३२ अक्षरांचं नाव होतं, त्यात अक्षर आणि आकडे सोडून काही नसतं. मूळ मराठी नाव डेटाबेसमध्ये ठेवा आणि डाउनलोड देताना कंटेंट-डिस्पोझिशन हेडरमध्ये फाइलनेम-स्टारवाल्या पद्धतीनं यूटीएफ-८ मध्ये द्या, म्हणजे लोकांना त्यांची फाइल त्यांच्याच नावानं मिळेल आणि शेलला (कमांडची ओळ वाचून ती चालवणारा प्रोग्रॅम) त्या नावाचा वासही लागणार नाही.

आणि दुसरं, शेललाच मधून काढा. एक्झेक, शेल-एक्झेक, सिस्टिम, पासथ्रू, बॅकटिक हे सगळे तुमची स्ट्रिंग एसएच या शेलकडे देतात, मग सेमीकोलन, डॉलर, बॅकटिक, नवी ओळ या प्रत्येकाला अर्थ येतो. पीएचपी ७.४ पासून प्रॉक-ओपनला कमांड ॲरे म्हणून देता येते, पहिला घटक प्रोग्रॅमचा पूर्ण पाथ आणि पुढे एकेक आर्ग्युमेंट, तेव्हा मध्ये शेल येतच नाही आणि एस्केप करायची गरजच संपते. तुमच्याकडे ८.१ आहे, वापरा.

हे मी तळमळीनं सांगतोय कारण ही भानगड वेबइतकीच जुनी आहे. एनसीएसए या अमेरिकी संशोधन केंद्राच्या वेब सर्व्हरबरोबर आणि सुरुवातीच्या अपाचीबरोबर पीएचएफ नावाची एक नमुना सीजीआय स्क्रिप्ट (वेब सर्व्हरनं चालवायचा छोटा प्रोग्रॅम) यायची. तिच्यात धोकादायक चिन्हं एस्केप करणारं फंक्शन होतं, पण त्याच्या यादीत नवी ओळ हे चिन्ह राहिलं होतं. तेवढ्या एका चिन्हावरून १९९६ च्या सुमाराला ढिगानं सर्व्हर फोडले गेले, पासवर्ड फाइल ब्राउझरमध्ये उघडायची. त्यानंतर वीस वर्षांनी, डिसेंबर २०१६ मध्ये पीएचपीमेलर या ईमेल पाठवणाऱ्या लायब्ररीचं प्रकरण झालं. तिथे ईमेल पाठवणाऱ्याचा पत्ता सेंडमेलच्या कमांडलाइनला जात होता आणि पत्त्यातच जादा ऑप्शन घुसवता येत होते. त्याची पहिली दुरुस्तीसुद्धा काही दिवसांत मोडली कारण एस्केपशेलआर्ग आणि एस्केपशेलसीएमडी एकावर एक लागले की एकमेकांचं काम बिघडवतात. ज्यांनी हे लिहिलं ते काही नवशिके नव्हते. म्हणून यादी करून चिन्हं गाळण्यावर भिस्त ठेवू नका, ॲरे द्या.

ॲरे दिला तरी एक भोक राहतं. नाव हायफननं सुरू होत असेल तर समोरचा प्रोग्रॅम त्याला ऑप्शन समजतो, त्यात शेलचा संबंध नाही. स्वतः दिलेलं नाव आणि स्लॅशपासून सुरू होणारा पूर्ण पाथ वापरला की तेही बंद होतं.

---

रात्रपाळी

प्रॉक-ओपनवर जाताय तर एक खाचखळगा सांगून ठेवतो नाहीतर पुढच्या महिन्यात "मधूनच हँग होतं" म्हणून नवा धागा निघेल. आउटपुट आणि एरर दोन्हींना पाइप (दोन प्रोग्रॅममधली माहितीची नळी) लावून आधी आउटपुट शेवटपर्यंत वाचायचं आणि मग एरर वाचायचा असं सगळे लिहितात. लिनक्समध्ये पाइपची क्षमता साधारण ६४ केबी असते. तिकडे एररचा पाइप भरला की प्रोग्रॅम लिहिता लिहिता थांबतो, इकडे तुमची स्क्रिप्ट आउटपुट संपायची वाट बघत थांबते, दोघं एकमेकांकडे बघत बसतात. छोट्या फाइलला कधीच होत नाही, नेमकी मोठी, वॉर्निंगांनी भरलेली फाइल आली की होतं, त्यामुळे टेस्टिंगमध्ये सापडत नाही. सरळ दोन्ही एका लॉग फाइलला जोडून टाका, किंवा ७.४ पासून एररला आउटपुटकडे वळवायचा रीडायरेक्ट पर्याय आहे तो वापरा, मग वाचायला एकच पाइप उरतो.

टाइमआउटचं पण बघा. पुष्कळ जणांना वाटतं मॅक्स-एक्झिक्युशन-टाइम ३० सेकंद आहे म्हणजे सांभाळून घेईल. लिनक्सवर बाहेरच्या प्रोग्रॅमसाठी थांबलेला वेळ त्यात धरलाच जात नाही. बिघडलेली डॉक्युमेंट आली आणि सॉफिस अडकलं तर ती रिक्वेस्ट अपाचीचा एक वर्कर अडवून बसणार, असे पाचदहा झाले की साइट बंद. म्हणून कमांडच्या पुढे टाइमआउट ही साधी युटिलिटी लावा, कोअरयुटिल्समध्ये असतेच, ६० सेकंद द्या, वेळ संपली तर एक्झिट कोड १२४ मिळतो. प्रॉक-टर्मिनेटवर विसंबू नका. सॉफिस ही मुळात शेल स्क्रिप्ट आहे, खरं काम आत सुरू होणारं सॉफिस डॉट बिन करतं, प्रॉक-टर्मिनेटनं बाहेरचं मरतं आणि आतलं तसंच मेमरी खात राहतं. टाइमआउट आख्ख्या प्रोसेस ग्रुपला सिग्नल पाठवतं त्यामुळे आतलंही जातं.

आता माझं स्पष्ट मत. एवढं सगळं करूनही वेब रिक्वेस्टच्या आतून लिब्रेऑफिस चालवणं मला पटत नाही. एकाच प्रोफाइलवर दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं की दुसरी कमांड आधीच चालू असलेल्या इन्स्टन्सकडे काम सोपवून निघून येते, एक्झिट कोड शून्य असतो आणि पीडीएफ कधी मिळते कधी नाही. मार्च अखेरीला सगळे कर्मचारी एकदम नोटिसा काढतील तेव्हा हे हमखास होणार. त्यापेक्षा बँकेच्या काउंटरवर टोकन देतात तसं करा. अपलोड झाली की डेटाबेसच्या टेबलात एक ओळ टाका, यूजरला "तयार होतंय" दाखवा, आणि मागे एक वर्कर स्क्रिप्ट सिस्टिमडी सर्व्हिस म्हणून चालू ठेवा, ती एकामागून एक फाइल उचलेल. सर्व्हिस नको असेल तर दर मिनिटाला क्रॉन (ठरल्या वेळी कमांड चालवणारा) आणि त्याच्यापुढे एफलॉक (कुलूप लावणारी कमांड), म्हणजे आधीचा चालू असेपर्यंत दुसरा सुरू होणार नाही. पतसंस्थेच्या कामाला रॅबिटएमक्यू वगैरे रांग सांभाळणाऱ्या वेगळ्या सॉफ्टवेअरची काही गरज नाही, टेबल पुरतं.

---

जुना_गडी

रात्रपाळीशी शंभर टक्के सहमत, आणि त्यात आणखी एक फायदा आहे जो मला सगळ्यात मोठा वाटतो. वर्कर वेगळा झाला की त्याला वेगळा यूजर देता येतो. अपलोड झालेली फाइल म्हणजे परक्या माणसाची फाइल, आणि तुमची कमांड कितीही शुद्ध असली तरी ती फाइल उघडणाऱ्या प्रोग्रॅममध्येच भोक असू शकतं. २०२१ मध्ये गिटलॅबमध्ये (कोड ठेवायची साइट) नेमकं हेच झालं, अपलोड केलेल्या फोटोतली माहिती काढून टाकायला ते एक्झिफटूल चालवायचे, एक्झिफटूल देजाव्यू फॉरमॅट वाचताना फाइलमधलाच मजकूर कोड म्हणून चालवायचं, आणि लॉगिन न करता बाहेरचा माणूस सर्व्हरवर हवं ते चालवू शकत होता. शेल इंजेक्शनचा (कमांडमध्ये परकी कमांड घुसवण्याचा) तिथे काडीचाही संबंध नव्हता.

तर लिब्रेऑफिस चालवणाऱ्या यूजरला डेटाबेसचा पासवर्ड असलेली कॉन्फिग फाइल वाचता येता कामा नये. टेबल बघणारी स्क्रिप्ट एका यूजरची आणि सॉफिस चालवणारी दुसऱ्या यूजरची, दोघांत फक्त एक येण्याचा आणि एक जाण्याचा फोल्डर. सिस्टिमडी युनिटमध्ये प्रायव्हेट-नेटवर्क आणि मेमरी-मॅक्स हे दोन सेटिंग टाकले की नेटवर जाणंही बंद आणि मेमरीलाही मर्यादा. सभासदांचा डेटा आहे म्हणालात, मग एवढी मेहनत घ्याच.

---

फॉन्टवेडा

अजून कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, पीडीएफ आली म्हणजे मराठी बरोबर आली असं नाही, उघडून बघितलीत का? सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट नसेल तर सगळे चौकोन येतात. एफसी-लिस्टला (फॉन्टांची यादी दाखवणारी कमांड) कोलन लँग इज इक्वल टू एमआर देऊन बघा, रिकामं आलं तर लोहित देवनागरी किंवा नोटोचं पॅकेज टाका. फॉन्ट तुमच्या होममधल्या फोल्डरमध्ये टाकले असतील तर ते फक्त तुम्हाला दिसतील, सर्व्हरच्या यूजरला नाही, ताईंनी वर सांगितलं तेच कारण. यूएसआर-लोकल-शेअर-फॉन्ट्समध्ये टाकून एफसी-कॅश चालवा.

जोडाक्षरांची काळजी करू नका, लिब्रेऑफिस हार्फबझ (अक्षरं नीट जोडणारी लायब्ररी) वापरतं, "इतिवृत्त", "कर्ज", "हप्ता" सगळं नीट येतं. पण वर्डमध्ये लोकांनी मंगल किंवा एरियल युनिकोड वापरलेला असतो, तो उबंटूवर नसतो, त्याच्या जागी दुसरा फॉन्ट बसतो आणि ओळी वेगळ्या जागी तुटतात. एका पानाची नोटीस दीड पानाची होते, सहीची जागा पुढच्या पानावर जाते. हे पतसंस्थेला चालणार नाही. सगळ्यात सोपं म्हणजे नोटिशीचा नमुनाच लोहित किंवा नोटोमध्ये करून द्यायचा आणि तोच फॉन्ट त्यांच्या कॉम्प्युटरांवरही टाकायचा, दोन्ही मोफत आहेत.

आणि जुन्या फायली नक्की विचारा. ऑफिसांमध्ये अजून श्रीलिपी, कृतिदेव असल्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टाइप केलेला ढीग असतो. त्या फायलींत आत रोमन अक्षरंच असतात, तो फॉन्ट नसेल तर पीडीएफमध्ये अगम्य इंग्रजी अक्षरं दिसतील आणि त्यात तुमच्या कोडचा काही दोष नसेल. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतील, ते वेगळं काम आहे, त्याचे वेगळे पैसे लावा.

---

नवी_मुंबई_२२

माझाही असाच प्रश्न आहे पण माझी साइट शेअर्ड होस्टिंगवर आहे, एक्झेक, प्रॉक-ओपन काहीच चालत नाही, फंक्शन अस्तित्वातच नाही असा फेटल एरर येतो. काही करता येईल का?

---

टर्मिनलताई

पीएचपी डॉट आयएनआयमध्ये डिसेबल-फंक्शन्स नावाची यादी असते, होस्टिंगवाल्यांनी ती भरलेली आहे. पीएचपी ८ पासून बंद केलेलं फंक्शन मुळात नाहीच असं धरलं जातं म्हणून एरर तसा दिसतो. ती यादी स्क्रिप्टमधून बदलता येत नाही आणि पळवाटा शोधू नका, एका मशीनवर शेकडो लोकांच्या साइट असताना त्यांनी ते बंद ठेवलं हे तुमच्याच भल्याचं आहे. छोटा व्हीपीएस घ्या आणि वर लिहिलेला वर्कर तिथे चालवा, साइट आहे तिथेच राहू द्या. नुसती पावती किंवा छोटं पत्र बनवायचं असेल तर एमपीडीएफ लायब्ररी बघा, ती शुद्ध पीएचपीत आहे, बाहेरचा प्रोग्रॅम लागतच नाही आणि देवनागरीही जमतं, पण ओटीएलचं सेटिंग चालू करायला विसरू नका नाहीतर जोडाक्षरं फुटतात.

---

मिरजकर_डेव्ह

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढ्या तपशिलात कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. आत्ताची स्थिती लिहितो म्हणजे पुढे कोणाला हा धागा सापडला तर उपयोग होईल. सेटलोकेलच्या वाटेला गेलोच नाही, फाइलला स्वतःचं हेक्स नाव देतोय. टेबल आणि वर्कर झालंय, सिस्टिमडी सर्व्हिस वेगळ्या यूजरच्या नावानं चालते, सॉफिसला ॲरेनं हाक मारतो, पुढे टाइमआउट ६० सेकंद, आउटपुट आणि एरर दोन्ही लॉग फाइलमध्ये. एक्झिट कोड शून्य असला तरी पीडीएफ खरंच तयार झाली का आणि तिचा आकार शून्य तर नाही ना हे तपासल्याशिवाय यूजरला "झालं" दाखवत नाही. फॉन्टचं मात्र खरं निघालं, नोटीस दुसऱ्या पानावर जात होती, नमुना नोटोमध्ये करून दिलाय. जुन्या श्रीलिपीच्या फायली कपाटभर आहेत असं मॅनेजर म्हणाले, त्यांचा हिशोब आता वेगळा करायला बसतोय.

एकच शंका राहिली. वर्कर प्रत्येक फाइलला सॉफिस नव्यानं सुरू करतो त्यात बराच वेळ जातो, ते कायम चालू ठेवून फायली देत राहायची सोय आहे का?

---

रात्रपाळी

आहे, युनोसर्व्हर बघा, जुन्या युनोकन्व्हच्या जागी तेच आलंय. लिब्रेऑफिस मागे चालू राहतं आणि युनोकन्व्हर्टनं फाइल दिली की लगेच परत येते. फक्त खूप फायलींनंतर त्याची मेमरी वाढत जाते त्यामुळे सर्व्हिस रोज रात्री एकदा रीस्टार्ट होईल असं ठेवा. पण दिवसाला पन्नासशंभर नोटिसा असतील तर आत्ता जे आहे तेच राहू द्या, नव्यानं सुरू होणारं सॉफिस आधीच्या फाइलचं काहीही पुढे घेऊन येत नाही, आणि परक्यांच्या फायली उघडताना मला तेच बरं वाटतं.